कालवड गाभ धरणार का नाही, हे वेळेत कसं ओळखायचं

दोन वर्षं सांभाळलेली कालवड शेवटी वांझ निघाली, हे ज्याच्या गोठ्यात झालंय त्यालाच ते कळतं. आमच्याकडं झालंय म्हणून लिहितोय. बाजारातून नऊ-दहा महिन्यांची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) कालवड आणली होती, अंगानं भरलेली, मान जाड, छाती रुंद, बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा काय जनावर आणलंय राव, आणि आम्ही पण खुशीत. पंधरा महिने झाले, अठरा झाले, माज काय दिसेना. कुणी म्हणलं मोड आलेली मटकी चारा, कुणी म्हणलं मिनरल मिक्चर वाढवा, कुणी म्हणलं एचएफ उशिराच येती माजावर, आम्ही सगळं करून बसलो. एकविसाव्या महिन्यात डॉक्टरांनी हात घातला आणि मिनिटभरात सांगितलं, पिशवीच (गर्भाशय) नाही हिला. ज्या जाड मानेला आणि रुंद छातीला आम्ही भुललो होतो तीच खरं तर खूण होती. दिवसाला १०० रुपये खर्च धरला तरी अकरा महिन्यांचे ३३ हजार तिथंच गेले, खरेदीची किंमत वेगळीच.

तर मुद्दा असा की कालवड गाभण राहणार का नाही हे पंधराव्या महिन्यात बघायची गोष्टच नाही. काही गोष्टी जन्माच्या दिवशी कळतात, काही महिनाभरात, काही दर महिन्याला टेप लावून, आणि शेवटच्या काही फक्त डॉक्टरांच्या हाताला. स्वस्तातलं आधी करा, खर्चाचं नंतर. आणि आधीच सांगतो, कुठलीच टेस्ट "ही शंभर टक्के राहणार" असं सांगत नाही. टेस्ट सांगतात त्या एवढंच की हिच्यात अडचण आहे का नाही.

सगळ्यात पहिला प्रश्न: जुळं होतं का?

गाईला जुळं झालं आणि त्यात एक गोऱ्हा एक कालवड असेल, तर ती कालवड वांझ असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर असते. आपल्या जुन्या माणसांना हे माहीत होतं, पण कारण कुणी सांगत नव्हतं. कारण असं, की गाईच्या पोटात जुळी असली की दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या बहुतेक वेळा एकमेकींना जोडल्या जातात, आणि हे गाभाच्या पहिल्या दीड महिन्यातच होतं. मग दोघांचं रक्त एकत्र फिरतं. गोऱ्ह्याची वाढ आधी सुरू होते, त्याच्या अंडकोषातून निघणारे हार्मोन त्या रक्तातून कालवडीकडं जातात आणि तिची पिशवी, बीजाशय जे तयार व्हायला पाहिजे ते तिथंच खुंटतं. बाहेरून कालवड, आतून अर्धवट. इंग्रजीत याला फ्रीमार्टिन म्हणतात आणि आता आपले डॉक्टर लोक पण हाच शब्द वापरतात. जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश सर्जननं १७७९ साली अशा जनावरांची चिरफाड करून वर्णन लिहिलं होतं, आणि हार्मोनचं कारण फ्रँक लिली या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९१६ च्या सुमारास मांडलं. म्हणजे शोध काय नवा नाही, आपल्या गोठ्यापर्यंत यायला वेळ लागला एवढंच.

इथं तीन गोष्टींत लोक हमखास गोंधळतात. एक, दोन्ही कालवडीच असतील तर काही भीती नाही, दोघी चांगल्या राहतात, त्यांना उगाच विकू नका. दोन, जुळ्यातला गोऱ्हा बहुतेक वेळा ठीक असतो, नुकसान होतं ते कालवडीचं. तीन, आणि ही सगळ्यात बेकार गोष्ट, एकटी जन्मलेली कालवड पण फ्रीमार्टिन असू शकते, कारण सोबतचा गोऱ्हा गर्भ पोटातच सुरुवातीला मरून गेलेला असतो आणि बाहेर येते ती एकटीच. आमची तशीच असावी, विकणाऱ्यानं शपथेवर सांगितलं होतं एकटीच झाली म्हणून, आणि तो खोटं बोलत होता असं मी अजूनही म्हणत नाही.

(शेळीत जुळी-तिळी रोजचीच, पण तिथं हा प्रकार क्वचितच होतो. आणि माणसांच्या जुळ्या भाऊ-बहिणीला तर हे लागूच नाही, आमच्या गावात एकानं विचारलं होतं म्हणून सांगितलं.)

म्हणून जन्माच्या दिवशी वहीत लिहून ठेवा: तारीख, आई कोण, कांडी (रेतनाच्या वीर्याची नळी) कुठल्या वळूची, एकटी का जुळी, जुळी असेल तर दुसरं काय होतं. कानात टॅग मारलेला असेल तर त्याचा १२ अंकी नंबर पण. दोन ओळींचं काम आहे, पण दीड वर्षानं कुणाला काय आठवत नाही.

बाहेरून काय दिसतं

पाडी आठवडाभराची झाली की शेपूट वर करून निरण (योनीचं बाहेरचं तोंड) नीट बघा. गोऱ्ह्यासोबतच्या पाडीचं निरण कधीकधी लहान असतं, खालच्या टोकाला केसांचा लांब झुपका असतो आणि आतला दाणा नेहमीपेक्षा मोठा, बाहेर डोकावणारा. सड पण बारीक राहतात. पण हे दिसलं नाही म्हणजे पाडी चांगली असं समजू नका, कित्येक फ्रीमार्टिन बाहेरून एकदम नॉर्मल असतात. दिसलं तर संशय पक्का, नाही दिसलं तर पुढची टेस्ट करा.

नळीची टेस्ट

ही टेस्ट पहिल्या महिन्यातच करायची, दोन ते चार आठवड्यांची पाडी असताना. तत्त्व सोपं आहे: चांगल्या पाडीत योनीमार्ग १२ ते १५ सेंटिमीटर आत जातो, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ सेंटिमीटरवर रस्ता बंद होतो. गुळगुळीत, गोल टोकाची, बोटाएवढ्या जाडीची प्लॅस्टिकची नळी घ्यायची, जंतुनाशकात धुवायची, वरून स्वच्छ पाण्यानं धुऊन लिक्विड पॅराफिन लावायचं, निरण पण धुऊन घ्यायचं, आणि नळी आधी थोडी वरच्या दिशेनं तिरकी घालून मग सरळ करायची. वरच्या दिशेनं का, तर योनीच्या तळाला लघवीच्या रस्त्याचं तोंड आणि एक छोटा खळगा असतो, नळी तिथं अडकली की आपल्याला वाटतं रस्ता संपला, आणि चांगली पाडी वांझ ठरते. जिथं अडेल तिथं थांबायचं, जोर अजिबात लावायचा नाही. मग निरणाच्या कडेशी नळीवर बोट धरून बाहेर काढायची आणि पट्टीवर मोजायचं.

कृत्रिम रेतनाची गन किंवा तिची शीथ यासाठी वापरू नका, ती बारीक आणि टोकदार, आत टोचतं. काचेची टेस्ट ट्यूब वापरतात काही जण, पण पाडीनं लाथ मारली आणि आत फुटली तर काय, त्यापेक्षा प्लॅस्टिकच बरी. खरं सांगायचं तर पहिल्यांदा डॉक्टरांनाच करायला सांगा आणि शेजारी उभं राहून बघा. आणि त्याच वयाची दुसरी चांगली पाडी गोठ्यात असेल तर तिच्यातही घालून बघायला सांगा, दोघींतला फरक डोळ्यांना दिसला की शंका राहत नाही.

नळी ९-१० सेंटिमीटरवर अडली, हो पण नाही, नाही पण नाही, अशा वेळी रक्ताची टेस्ट. फ्रीमार्टिनच्या रक्तात गोऱ्ह्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि त्या आयुष्यभर राहतात, त्यामुळं रक्तात वाय म्हणजे नराचं गुणसूत्र सापडलं की विषय संपला. पीसीआर करणाऱ्या लॅबला जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त लागतं, गुणसूत्रांची मांडणी करून बघायची असेल तर हिरव्या टोपणाच्या. कुठली लॅब करते आणि नमुना कसा पाठवायचा हे जवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात, मुंबईत परळला किंवा सातारा जिल्ह्यात शिरवळला, फोन करून विचारा. पैसे लागतील पण दोन वर्षांच्या चाऱ्यापुढं ते काहीच नाही, जातिवंत गाईची पाडी असेल तर नक्की करा.

टेस्टमध्ये वांझ निघालीच तर तेव्हाच निर्णय घ्या. बाहेरच्या देशात अशी कालवड मांसासाठी वाढवतात, आपल्याकडं गोवंश हत्याबंदी आहे, म्हणजे मोठी झालेली वांझ कालवड विकायची कुणाला हाच प्रश्न, आणि सगळं माहीत असून दुसऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारायची हे बरोबर नाही. लवकर कळलं तर निदान दूध, खुराक कुणावर घालायचा हे तरी ठरवता येतं.

आता खरी गंमत, म्हणजे वजन

जन्मापासून वांझ कालवडी खरं तर थोड्याच. आपल्याकडं बहुतेक कालवडी राहत नाहीत त्या उपाशी असतात म्हणून. हे ऐकायला बरं वाटत नाही पण गोठ्यात जाऊन बघा, दूध देणाऱ्या गाईला पेंड, मुरघास, सगळं टायमावर, आणि कालवड कुठंतरी कोपऱ्यात गाईच्या पुढचं उरलेलं खाती, कारण ती आत्ता दूध देत नाही. मग अठराव्या महिन्यात माज दिसत नाही म्हणून डॉक्टरला फोन.

कालवड वयावर माजावर येत नाही, वजनावर येते. मोठेपणी जेवढं वजन होणार त्याच्या ४०-४५ टक्के झालं की पहिला माज, आणि ५५-६० टक्के झालं की भरवायची, म्हणजे रेतन करायचं. एचएफ संकरित असेल तर साधारण २५० ते २७५ किलो, जर्सी संकरित असेल तर २२० च्या पुढं. हे वजन १५ महिन्यांत यायला पाहिजे. हिशोब करा, ३० किलोची पाडी जन्मली आणि १५ महिन्यांत म्हणजे ४५० दिवसांत २५० करायची तर रोज जवळजवळ अर्धा किलो वाढ पाहिजे. रोज. एक महिना आजारपणात गेला तर ते १५ किलो पुढं कुठूनतरी भरून काढावे लागतात.

वजनकाटा कुणाकडं नसतो, टेलरचा टेप पुरतो. पुढच्या पायांच्या बरोबर मागून छातीचा घेर इंचात घ्या, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला जे बसायचं हाड बाहेर आलेलं असतं तिथपर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, येतं ते किलोत वजन. घेर ६० आणि लांबी ४८ असेल तर साधारण २६२ किलो, ही भरवायला तयार. घेर ५४ आणि लांबी ४४ असेल तर १९४ किलो, ही कितीही उंच दिसू दे, अजून लहान आहे. पाच-दहा किलो इकडं तिकडं होतं, चालतंय, दर महिन्याच्या एक तारखेला मोजा आणि वहीत लिहा, आकडा वर चाललाय का थांबलाय हे बघायचं. जनावर सपाट जागी चारी पायांवर सरळ उभं पाहिजे आणि सकाळी खायच्या आधी मोजलं तर बरं, नाहीतर पोटातला चाराच मोजला जातो.

आकडा थांबला तर आधी जंत बघा, शेण तपासून घ्या, गोचीड बघा, मग खुराक. मिनरल मिक्चर रोज द्यायचं, आठवण झाली की मूठभर असं नाही. आणि ऊस पट्ट्यातल्या लोकांसाठी खास: नुसत्या वाढ्यावर (उसाच्या शेंड्याच्या पाल्यावर) कालवड मोठी करू नका. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि प्रथिनं तर त्यात नावालाच. तोडणीच्या सीझनमध्ये स्वस्त मिळतं म्हणून आम्ही पण घालायचो, मग त्या चार महिन्यांत टेप एका जागेवरच. वाढं घालायचं तर सोबत लसूणघास, पेंड, मिनरल मिक्चर पाहिजेच.

उलट बाजू पण आहे. एखादा हौशी माणूस कालवडीला इतकं खाऊ घालतो की ती गुबगुबीत होते, शेपटीच्या मुळाशी चरबीच्या गाठी दिसतात. असली कालवड पण नीट राहत नाही, आणि राहिली तरी कासेत चरबी भरून पुढं दुधाला कमी पडते, विताना पण त्रास. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून मोजता येऊ नयेत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

देशीचं गणित वेगळं. खिलार, देवणी, गीर, लाल कंधारी या सावकाश वाढतात, अडीच-तीन वर्षं माजावर यायला लागली तरी घाबरू नका, त्यांना एचएफच्या तारखेत बसवू नका.

या वयात एक लस मात्र चुकवू नका, ब्रुसेलाची, पाडी ४ ते ८ महिन्यांची असताना, आयुष्यात एकदाच. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती सरकारी दवाखान्यामार्फत देतात. ब्रुसेलानं गाभण जनावर शेवटच्या महिन्यांत गाभडतं, आणि तो रोग माणसाला पण होतो. गोऱ्ह्याला आणि गाभण जनावराला ही लस द्यायची नसते.

माज बघणं

वजन आलं की रोज माज बघायला लागायचं, आणि बघायचं म्हणजे जाता जाता नजर टाकायची असं नाही. पहाटे पाच-सहाला आणि रात्री नऊ-दहाला वीस-वीस मिनिटं, मोबाईल खिशात ठेवून. माज बारा ते अठरा तासच टिकतो, आणि उन्हाळ्यात तर रात्री येऊन सकाळपर्यंत गेलेला असतो. गाईचा माज दूध कमी झालं की कळतो, कालवडीचं तसं काय नाही, त्यामुळं डोळेच लागतात.

पक्की खूण एकच, दुसरीनं अंगावर उडी घेतली आणि ही हलली नाही, उभी राहिली. बाकी हंबरणं, खाणं सोडणं, थोडी थोडी लघवी, शेपूट बाजूला धरणं, निरण सुजणं, काचेसारखा स्वच्छ चिकट सोट लोंबणं, या सगळ्या आधाराच्या खुणा. दावणीला बांधलेल्या कालवडीला उडी घ्यायला कुणी मिळत नाही म्हणून दिवसातून दोनदा तरी मोकळी सोडा, मुक्त गोठा असेल तर प्रश्नच नाही. फक्त मुक्त गोठ्यात सहा महिन्यांच्या पुढचा गोऱ्हा कालवडींत ठेवू नका, एका ओळखीच्याची दहा महिन्यांची कालवड अशीच गाभण निघाली होती, आणि विताना किती हाल झाले ते नको विचारायला.

पहिला माज दिसला की भरवायची घाई नको, तारीख लिहा. २१ दिवसांच्या आसपास, म्हणजे १८ ते २४ दिवसांत, परत दिसला पाहिजे. असे दोन-तीन माज नियमित आले तर समजा आतलं मशीन चालू आहे, बीजाशय काम करतंय, पिशवी प्रतिसाद देतीय. कालवड सुपीक आहे याचा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा हाच, बिनपैशाचा.

माजानंतर एक-दोन दिवसांनी निरणातून थोडं रक्त दिसतं, कालवडीत तर जास्तच. लोक घाबरतात, कुणी म्हणतं कांडी वाया गेली, कुणी म्हणतं राहिली. दोन्ही चूक. त्याचा अर्थ एवढाच की दोन दिवसांपूर्वी माज येऊन गेला. तुम्हाला माज दिसलाच नव्हता आणि एकदम रक्त दिसलं तर ती तारीख लिहा आणि तिथून १८-१९ दिवसांनी डोळ्यात तेल घालून बसा.

सोट मात्र बघून घ्या. स्वच्छ पाहिजे. पांढरट, पिवळसर, दह्यासारखं काही असेल तर त्या माजाला कांडी भरायची नाही, आधी इलाज.

डॉक्टरांचा हात

वजन २५० च्या पुढं, वय सोळा-सतरा महिने, आणि माज नाही, तर आता मटकी-बिटकी नको, डॉक्टर बोलवा. सरकारी दवाखाना लांब असेल तर १९६२ वर फोन करा. गुदद्वारातून हात घालून ते तीन गोष्टी बघतात: पिशवी आणि तिचं तोंड आहे का, पिशवीची शिंगं किती वाढलीत, आणि बीजाशयावर काय आहे. बीजाशयावर सीएल म्हणजे पिवळी गाठ लागली तर कालवड माजावर येऊन गेलीय, तुम्ही बघितलं नाही किंवा मुका माज (बाहेरून खुणा न दिसणारा) होता. बीजाशय लहान, गुळगुळीत असतील तर अजून सुरूच झालेली नाही, मग परत वजन-खुराकाकडं या. आणि पिशवीचं तोंडच सापडत नाही, शिंगांच्या जागी दोऱ्यासारखं काहीतरी, तर आमच्यासारखं.

एकाच तपासणीवर निकाल देऊ नका. नेमकी ती माजाच्या आसपास असेल तर सीएल लागत नाही, म्हणून १०-११ दिवसांनी परत बघायला सांगा, दोन्ही वेळा काही नाही लागलं तरच ती खरंच थंड आहे. सोनोग्राफीचं मशीन असेल तर अजून चांगलं, लहान कालवडीत हात घालायला जागा कमी असते.

क्वचित असं पण असतं की पिशवी, बीजाशय ठीक, माज पण वेळेवर, पण मध्येच कुठंतरी पडदा असतो किंवा पिशवीचा एखादा भाग तयारच झालेला नसतो. शॉर्टहॉर्न जातीच्या पांढऱ्या कालवडींत हे इतकं दिसायचं की त्याला व्हाइट हेफर डिसीज असं नावच पडलं, पण इतर जातींत पण सापडतं. नुसता पडदा असेल तर डॉक्टर बघतात काय करता येतं ते.

माजाच्या इंजेक्शनबद्दल. पिवळी गाठ विरघळवणारं जे इंजेक्शन असतं ते गाठ असेल तरच काम करतं, नसेल तर पैसे वाया. आणि गाभण जनावराला दिलं तर गाभडतं, म्हणून आधी ती गाभण नाही ना हे तपासल्याशिवाय देऊ देऊ नका, तुमच्या गोठ्यात गोऱ्हा मोकळा असेल तर दहा वेळा. दोनशे किलोच्या कालवडीला हार्मोन देऊन माजावर आणणं हा तर नुसता खेळ, राहत नाही, आणि राहिली तर विताना मरते.

बाजारातून घेत असाल तर

आधी दात बघा. आदत (अजून दुधाचेच दात) आहे का दुसा (दोन पक्के दात आलेली). पहिले दोन पक्के दात साधारण दोन वर्षांच्या आसपास येतात. विकणारा चौदा महिने सांगतोय आणि तोंडात दोन मोठे दात असतील तर तुम्हाला दोन वर्षांची, अजून न राहिलेली कालवड दाखवतायत, आणि ती का राहिली नाही हा प्रश्न तिथंच विचारा. मग टॅगचा नंबर घ्या, डॉक्टरकडून ऑनलाइन बघून घ्या, नोंद केलेली असेल तर जन्म, लसीकरण, रेतन सगळं दिसतं, किती कांड्या भरल्या ते पण. मग शेपूट उचलून निरण बघा, सड बघा, गोऱ्ह्यासारखी मान-छाती असेल तर आता कौतुक करू नका, संशय घ्या. महागाची असेल तर डॉक्टर सोबत न्या, त्यांची फी वाचवून आम्ही काय कमावलं ते वर लिहिलंय.

"गाभण आहे" म्हणून विकत असतील तर दोन-तीन महिन्यांच्या पुढचं हातानं कळतं, सोनोग्राफीत महिन्याभरातच, तपासूनच पैसे द्या. आणि शक्य असेल तर साध्या कागदावर लिहून घ्या, सहा महिन्यांत पिशवीचा दोष निघाला तर काय. बरेच जण लिहून देत नाहीत. ते पण एक उत्तरच आहे.

भरवल्यावर

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी कांडी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कारण बीज सुटतं ते माज संपल्यावर दहा-बारा तासांनी. कांडी भरणाऱ्याच्या हाताकडं लक्ष ठेवा: नायट्रोजनमधून काढलेली कांडी ३७ अंशाच्या कोमट पाण्यात ३० सेकंद पाहिजे, शर्टच्या खिशात किंवा काखेत धरून नाही. असं कुणी करत असेल तर कालवडीला वांझ म्हणायच्या आधी माणूस बदला. लिंगनिश्चित वीर्य वापरायचं असेल तर कालवडीतच वापरा, चांगली राहतात, आणि दहात नऊच्या आसपास पाड्याच होतात, पण माजाची वेळ अगदी नेमकी पाहिजे. वळू निवडताना लहान बांध्याच्या वासरांचा घ्या, पहिलारूला मोठ्या वासराचा त्रास नको.

पहिल्या कांडीत सगळ्या राहत नाहीत, उलटली, म्हणजे परत माजावर आली, म्हणून लगेच नावं ठेवू नका. वेळ बरोबर, सोट स्वच्छ, कांडी नीट, आणि तरी तीनदा उलटली तर मग पिशवीची तपासणी, सोटाची लॅब टेस्ट, आणि इन्फेक्शनसाठी रक्त. यातल्या बऱ्याच कालवडी इलाजानं राहतात.

म्हशीच्या रेडीला यातलं बरंचसं लागू, पण वजन २७५ ते ३०० किलो पाहिजे, वय दोन-अडीच वर्षं, आणि माज मुका. मुऱ्हा असो का पंढरपुरी, उन्हाळ्यात रेडीचा माज शोधायचा तर रात्रीच जावं लागतं, दिवसा ती डबक्यात बसलेली असती आणि तुम्हाला वाटतं काहीच नाही.

भरवल्यावर २१ व्या दिवशी माज दिसला नाही म्हणून पेढे वाटू नका, मुका माज पण असू शकतो. महिन्यानं सोनोग्राफी, नाहीतर अडीच-तीन महिन्यांनी हात, आणि डॉक्टर "आहे" म्हणाले की वहीत कालवडीच्या नावापुढं कांडीच्या तारखेपासून नऊ महिने नऊ दिवस पुढची तारीख टाका.